हाकेला ओ

१

कानवाल्या बाईचं तिच्या घरात कोणी ऐकत नाही, हा त्या घरातला जुना विनोद होता.

दिवसभर ती लोकांचे कान तपासायची. दवाखान्याच्या मागच्या बाजूला जाड भिंतींची, एका बाजूला काच असलेली एक खोली होती, जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं आणि आपण बाहेर यंत्रापाशी बसून एकेक बारीक सूर सोडायचा. ऐकू आला की माणूस बटण दाबतो आणि यंत्रावर हिरवा दिवा लागतो. मुंगीच्या पावलांइतका बारीक सूर कोणाला ऐकू येतो आणि कोणाला नाही, हे ती दोन मिनिटांत सांगायची. संध्याकाळी तीच बाई घरी येऊन मुलीच्या बंद दाराशी उभी राहायची आणि बेंबीच्या देठापासून ओरडायची. आतून उत्तर यायचं, "काय?" पुष्कळदा तेही यायचं नाही.

"दिव्याखाली अंधार," नवरा म्हणायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. मजल्यांच्या मध्ये अडकलेली माणसं दिवसभर त्याच्या नावाने ओरडत असत, त्यामुळे घरच्या ओरडण्याचं त्याला विशेष वाटत नसे.

मुलगी चौदा वर्षांची होती. शाळेच्या हजेरीत तिला चांगलं लांबलचक नाव होतं, घरात ती ठकी. ठकीचा खेळ म्हणजे एक बेट. चौघांनी मिळून तिथे घर बांधायचं आणि बाकीच्या चौकड्यांपासून ते राखायचं. "आई, ऑनलाइनला पॉज नसतो," हे तिने आईला सांगितलं होतं, मंद मुलाला पाढा शिकवतात त्या सुरात. पॉज नसल्यामुळे जेवण खोलीत, अभ्यास उद्या आणि आंघोळ म्हणजे रोजचं युद्ध. गेल्या परीक्षेचे गुण विचारायची सोय नव्हती. आईने समजावून पाहिलं, रडून पाहिलं, सहलीचं आमिष दाखवून पाहिलं. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी ती एकाच मागणीवर आली होती. "काही करू नकोस बाई, पण हाकेला ओ तरी देत जा. 'काय' म्हणू नये माणसाने. ओ म्हणावं." तिच्या आईने तिला हे शिकवलं होतं आणि तिला ते ठकीला शिकवता आलं नाही, ही तिची खरी खंत होती.

त्या संध्याकाळी ती घेवडा चिरत होती. नवरा कामावर होता. तिने हाक मारलेली नव्हती, अजून भाजीच चिरून व्हायची होती. तेवढ्यात आतून आवाज आला.

"ओ."

लांबवलेली, गोड, लगेच उठून येणाऱ्या मुलीची ओ. सुरी अंगठ्यावर गेली. अंगठा तोंडात धरून ती दाराशी गेली.

"ठके, मला ओ दिलीस?"

ठकीने हेडफोनचा एक कान बाजूला केला. "काय?"

"आत्ता ओ म्हणालीस तू."

"तुला नाही."

"मग कोणाला?"

ठकीने कान झाकून घेतला.

२

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला.

"अगं, तिचा माइक चालू असतो दिवसभर. तू इथून ओरडतेस ते त्या सगळ्या पोरांना ऐकू जातं. त्यांच्यातला एखादा कार्टा तुझी नक्कल करत असेल. 'ठके, जेवायला ये', असं. आणि ही त्याला ओ देते. पोरं आहेत, चालायचंच."

हे पटण्यासारखं होतं आणि तिला पटलंही. आवाज बदलणारी यंत्रं हल्ली फुकट मिळतात हे तिला ठाऊक होतं. फक्त माइक चालू असतो हे कळल्यावर, आदल्या आठवड्यात त्याच दाराशी उभं राहून ती काय बोलली होती ते तिला आठवलं.

ठकी सातव्या महिन्यात जन्मली होती. दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, मुठीत मावेल एवढी. डॉक्टरांनी काही सांगितलं नव्हतं, नुसतं 'बघू' म्हटलं होतं. पेटीला एक गोल भोक होतं, त्यातून हात घालता यायचा. आई त्या भोकाशी तोंड नेऊन कोणी नसताना हळूच विचारायची, "पाहुणीबाई, राहणार ना तुम्ही?" असं अहोजाहो करून. नाव ठेवायची छाती होत नव्हती म्हणून पाहुणीबाई. पोर घरी आली आणि आईने तो शब्द मिटवून टाकला. नवऱ्यालाही कधी सांगितला नाही. दृष्ट लागेल म्हणून स्वतःशीसुद्धा पुन्हा म्हटला नाही.

आणि गेल्या आठवड्यात, आईने इंटरनेटची वायर उपटल्यावर ठकीने ताट भिरकावलं तेव्हा आई म्हणाली होती, "त्या पेटीतच गेली असतीस तर सुटले असते मी."

बोलून गेल्यावर जीभ चावली, पण सुटलेला शब्द परत येत नाही. ठकी रडली नाही. वायर तिने स्वतःच पुन्हा लावली आणि हेडफोन चढवले.

नवऱ्याने माइकचं सांगितल्यापासून आईने ओरडणं सोडलं. कानाला खडा लावला. आता नकलेसाठी माल मिळणार नाही, तेव्हा आठ-दहा दिवसांत तो कार्टा कंटाळेल, असा तिचा हिशोब होता. पण आतली ओ थांबली नाही. उलट एक नवीनच गोष्ट सुरू झाली. स्वयंपाक झाला की आई दाराशी जायची, हळू आवाजात हाक मारावी म्हणून श्वास घ्यायची, आणि तोंड उघडायच्या आत पलीकडून यायची ओ. रोज. हाक तिच्या घशातच राहायची. ठकी मात्र बाहेर यायची नाही. ओ देऊन झाल्यावर ती आतल्या आत खुदकन हसायची आणि मग दाराआडून जेवताना येतात तसे आवाज यायचे. जेवणाचं ताट तर बाहेर टेबलावर झाकलेलं असायचं.

३

शेवटी तिने ठकीला दवाखान्यात नेलं. "कान खराब झालेत का बघू, दहा मिनिटांचं काम आहे," असं म्हणून, आणि नवीन माऊस देते अशी लाच देऊन. दुपारची वेळ होती, डॉक्टर जेवायला गेले होते.

ठकी काचेपलीकडे बसली. आईने तिच्या कानांवर हेडफोन नीट बसवले. खूप दिवसांनी तिने मुलीच्या केसांना हात लावला होता. केस तेलकट होते आणि मानेवर हेडफोनच्या पट्टीचा लाल वळ होता. जाड दार लावून ती बाहेर यंत्रापाशी आली.

कान उत्तम होते. सोडला सूर की लागला दिवा, अगदी बारीक सुरालासुद्धा. तिला हायसं वाटलं आणि रागही आला, म्हणजे कार्टी सगळं ऐकते. तिने खूण करायला पेन उचललं आणि सूर सोडायचं थांबवलं.

दिवा लागला.

होतं असं. पुष्कळ माणसं नसलेला सूर ऐकतात. कोणाच्या कानात सतत कुईं चालू असते, लहान मुलं तर शहाणपणा दाखवायला उगाच दाबत सुटतात. ती थांबली. दिवा पुन्हा लागला, विझला. थोडं थांबून पुन्हा. अंदाजाने दाबणाऱ्याचा हात चुळबुळ करतो, ठकीचा हात स्थिर होता. कोणीतरी काही बोलावं, आपण 'हं' म्हणावं, त्याने पुढे बोलावं, अशा बेताने ती बटण दाबत होती.

आईने यंत्रामागे हात घालून हेडफोनची वायर काढली. वायरीचं टोक तिच्या हातात होतं. काचेपलीकडे ठकी मान किंचित तिरकी करून ऐकत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आईने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. गोष्ट ऐकताना लहानपणी ती असं तोंड करायची.

दिवा लागला. ठकीचे ओठ गोल झाले. त्या खोलीतून बाहेर काहीही ऐकू येत नाही, ती तशीच बांधलेली असते, पण ओठांचा तो आकार ओळखायला कान लागत नाहीत.

घरी येताना बसमध्ये आईने विचारलं, "कोण बोलतं गं तुझ्याशी?"

"आई," ठकी म्हणाली.

आपल्याला हाक मारली असं वाटून ती म्हणाली, "काय गं?"

ठकीने तिच्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं आणि बाकीचा रस्ता खिडकीबाहेर बघत काढला.

४

स्वतः ऐकल्याशिवाय कागदावर काही लिहायचं नाही, हा तिच्या कामाचा नियम होता. सुट्टीच्या दिवशी दुपारी ठकी एकदाची आंघोळीला गेली. नवरा बाहेरच्या खोलीत आडवा झाला होता. बादलीत पाणी पडायला लागल्याचं ऐकून आई मुलीच्या खोलीत गेली आणि तिच्या खुर्चीत बसली.

खुर्ची ठकीच्या आकाराची झाली होती. खोलीला कोंदट वास होता. पडद्यावर बेट होतं, त्यावर एक घर आणि घरासमोर तीन मुलं हात खाली सोडून उभी. खेळत नव्हती, काही बोलत नव्हती. वाट बघत असावीत. तिने हेडफोन घातले. ते अजून गरम होते.

आधी नुसता वारा. मग लाकडावर सुरी चालल्याचा आवाज. मग नळ. मग चपला. तिच्या डाव्या चपलेचा पट्टा सैल झाला होता आणि ती घरात फिरली की फटक, सर्र, फटक, सर्र असा आवाज यायचा. तो आवाज हेडफोनमध्ये फिरत होता. माइकमधून आमच्याच घराचं रेकॉर्डिंग झालंय, तिने स्वतःला सांगितलं. दुसरं काय असणार.

चपला जवळ आल्या आणि थांबल्या.

"पाहुणीबाई," आवाज म्हणाला, "राहणार ना तुम्ही?"

तो तिचा आवाज होता. नुसता तिचा असता तर तिने नवऱ्याच्या म्हणण्यावर भागवून घेतलं असतं. पण रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज माणसाला नेहमी परका वाटतो, कारण आपला आवाज आपण कवटीच्या हाडांतून ऐकत असतो. हे ती पेशंटना रोज समजावून सांगायची. हा आवाज परका वाटला नाही. बोलताना तिला स्वतःला ऐकू येतो तसाच तो होता, आणि त्यात ती माया होती जी पेटीच्या गोल भोकाशी तिच्या घशात दाटून यायची आणि पुढे कधीतरी सरून गेली. कोणीतरी ती सांभाळून ठेवली होती.

तिला भीती वाटायला हवी होती. तिला रडू आलं. आणि तिच्या आईने लावलेलं वळण असं पक्कं की मायेने मारलेल्या हाकेला तोंडातून आपोआप आलं,

"ओ."

हेडफोनमधली सुरी कोणीतरी खाली ठेवली. पडद्यावरची तिन्ही मुलं वळून तिच्याकडे बघायला लागली.

ठकी दारात उभी होती. केसांतून पाणी ठिबकत होतं.

"तू दिलीस ओ?" तिने विचारलं. आईने मान डोलावली.

"मी तिला सांगितलंच होतं," ठकी म्हणाली, "तू देशील म्हणून."

५

नवऱ्याच्या हत्यारांच्या पेटीतला जड पाना घेऊन तिने ते सगळं फोडलं. पडदा, यंत्र, हेडफोन. वायर कापून तुकडे केले. नवरा उठून आला तेव्हा ती खाली बसून उरलेल्या बटणांवर पाना मारत होती. तो रागावला, मग तिचा चेहरा बघून त्याने पाना हळूच तिच्या हातातून काढून घेतला. ठकीने आरडाओरडा केला नाही. तिने केर काढायचा झाडू आणला, तुकडे गोळा केले आणि म्हणाली, "पायाला लागेल कोणाच्या."

त्यानंतर ठकी सुधारली. म्हणजे अशी सुधारली की आजूबाजूच्या आया विचारायला येऊ लागल्या, काय केलंत म्हणून. वेळेवर आंघोळ, टेबलावर जेवण, पुस्तक उघडून अभ्यास. आईने बाहेरून आल्यावर ती पाणी आणून द्यायची. खुर्ची पुढे सरकवायची. "पंखा लावू का?" विचारायची. नवरा म्हणाला, "बघ, एक पाना मारला आणि पोरगी माणसात आली." आईने हसायचा प्रयत्न केला.

पाणी चांगल्या काचेच्या पेल्यात यायचं, जो कपाटात वरच्या फळीवर परक्या माणसांसाठी ठेवलेला असे. हे तिच्या उशिरा लक्षात आलं. आणखी एक लक्षात यायला त्याहून वेळ लागला. ठकी तिच्याशी बोलताना 'तू' म्हणत नव्हती. 'आई'ही म्हणत नव्हती. 'जेवायचं का', 'दार लावायचं ना', 'थकायला झालं असेल', असं वाक्य फिरवून फिरवून बोलायची. आईने हे कानाआड केलं. पोरगी लाजतेय, तिने मनाला सांगितलं, झालं त्याची शरम वाटत असेल.

मग दवाखान्यात एकदा डॉक्टरांनी आतून हाक मारली. तिने ओ द्यायला तोंड उघडलं आणि तोंडातून काही आलं नाही. बाकी बोलता येत होतं, पेशंटना सूचना देता येत होत्या, रस्त्यात ओळखीच्यांशी गप्पा होत होत्या. फक्त ओ येत नव्हती. तिने गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. ती रोज न्हाणीघरात दार लावून म्हणून बघायची. ओठ गोल व्हायचे आणि नुसती हवा बाहेर पडायची.

एका संध्याकाळी त्या दोघी टेबलाशी बसल्या होत्या. नवरा यायचा होता. ठकी नुकतीच न्हाली होती आणि ओल्या केसांनी वही लिहीत होती. आईने तिच्यासमोरचा पेला बाजूला सारला.

"ठके."

वही लिहिणं चालू राहिलं.

"ठके, माझ्याकडे बघ ना गं. चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं." ठकीने पान उलटलं. तेव्हा तिने चौदा वर्षं झाकून ठेवलेलं होतं ते काढलं. आवाज शक्य तितका मऊ केला. "पाहुणीबाई. राहणार ना तुम्ही?"

ठकीने मान वर केली. चुकून दुसऱ्याच घरात शिरलेल्या बाईकडे बघून हसावं, तशी ती हसली. ओळखीचं त्यात काही नव्हतं, पण वाईटही नव्हतं.

तेवढ्यात ठकीच्या खोलीत आवाज झाला. फटक, सर्र. आईने आपल्या पायांकडे पाहिलं. तिचे पाय टेबलाखाली होते, स्थिर. फटक, सर्र. तिथे आता टेबल आणि भिंत सोडून काही नव्हतं. लाकडावर सुरी चालायला लागली.

"ठके, ये गं जेवायला," आईचाच आवाज आतून म्हणाला.

"ओ," ठकीने लांबवून म्हटलं आणि वही मिटली. उठताना तिने खुर्ची आवाज न करता मागे सरकवली. पेला पुन्हा आईसमोर नीट ठेवला.

"तुम्ही बसा हं," ती म्हणाली. "आई हाक मारतेय."

चौदा वर्षांत त्या पोरीने तिला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. ती उठू शकली नाही. ठकी आत गेली. दार मिटता मिटता फटीतून एक हात दिसला, तिच्या ओल्या केसांवरून फिरणारा. अंगठ्यावर सुरीने कापल्याची खूण होती. आईने आपला अंगठा उजेडात धरून पाहिला. तो स्वच्छ होता, कधी काही झालंच नसावं असा.

बाहेरच्या दारात किल्ली फिरली. नवरा आला. रोज यायचा तसा, बूट काढता काढता घरात न बघता तो म्हणाला, "अगं, ऐकलंस का?"

तिने सगळा जीव एकवटला आणि तोंड उघडलं.

"ओ," खोलीतून आलं. "आले हं."

"नको, तूच थांब, मीच येतो तिकडे," नवरा म्हणाला. टेबलापाशी ती बसलेली त्याला दिसली. त्याने क्षणभर आठवायचा प्रयत्न केला, मग बायकोकडे कोणी आलेलं असलं की करायचा तशी मान लववली.

"बसा, बसा," तो म्हणाला, आणि आत गेला.

आतून ताटं मांडल्याचा आवाज आला. ठकी काहीतरी सांगत होती, भरभर, मधेच हसत. नवराही हसला. कान उत्तम असल्यामुळे तिला सगळं ऐकू येत होतं. हात मांडीवर घेऊन, दुसऱ्याच्या घरी बसतात तशी ती खुर्चीच्या कडेवर बसून राहिली. पाण्याचा पेला तिने संपवला, कारण दिलेलं टाकू नये. बाहेर अंधार पडला तशी ती उठली, पदर सारखा केला, दारापाशी जाऊन जरा थांबली.

राहणार ना, असं तिला कोणी विचारलं नाही.